गादी फार कडक झालीय? टॉपर घेण्याआधी झाडूची काठी आणि वजनकाटा काढा

चलथाण (जि. सुरत) : गादी फाटलेली नाही, खोळही धड आहे, पण सकाळी उठताना कंबर धरते. कुशीवर झोपलं की खांदा दुखतो, हाताला मुंग्या येतात. सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरच्या चलथाण–कडोदरा पट्ट्यात नंदुरबार, धुळे, जळगावकडची अनेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मिलमध्ये पाळी करून आलेल्या माणसाला मिळतील तेवढ्या तासांत नीट झोप लागते. ती गादीमुळे मोडत असेल तर दुसऱ्या दिवशीचं कामही बिघडतं.

अशा वेळी दुकानदार दोन गोष्टी सुचवतो. नवी गादी घ्या, नाहीतर जुनीवर टॉपर टाका. टॉपर म्हणजे गादीवर अंथरायचा दीड ते तीन इंचांचा मऊ थर. तो नव्या गादीपेक्षा बराच स्वस्त पडतो, पण सगळ्याच गाद्यांना उपयोगी पडत नाही.

जुनी गादी कडक का होते?

काथ्याच्या गादीत नारळाचा काथ्या रबराने बांधलेला असतो. तो मुळातच कडक. त्यावर बऱ्याचदा फोमचा पातळ थर असतो. काही वर्षांत तो दबून जातो आणि अंग थेट काथ्यावर टेकतं. कापसाच्या गादीत कापूस बसतो, गोळे होतात. फोमचे तुकडे दाबून केलेली बॉन्डेड फोमची गादी तर पहिल्या दिवसापासूनच कडक असते.

‘कडक गादी पाठीला चांगली’ हे खरं का?

पूर्वी कंबर दुखली की फळीवर झोपा, असा सल्ला सर्रास मिळायचा. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांवर याचा अभ्यास झाला. तो 2003 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी देऊन 90 दिवसांनी तपासलं, तेव्हा मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला. म्हणजे दगडासारखी गादी नको, तशीच खड्डा पडणारीही नको.

कुशीवर झोपलं की सगळा भार खांदा आणि कमरेच्या हाडावर येतो. गादीने तिथे थोडी जागा दिली पाहिजे. टॉपरचं काम एवढंच.

आधी फुकटातल्या तीन गोष्टी

पहिली, गादी उलटून बघा. काही काथ्याच्या गाद्यांना एका बाजूला फोम, तर दुसऱ्या बाजूला नुसता काथ्या असतो. वर्षानुवर्षे चुकीच्या बाजूवर झोपणारी घरं कमी नाहीत.

दुसरी, झाडूची सरळ काठी गादीवर आडवी ठेवा. मध्ये काठी आणि गादी यांच्यात दीड इंच किंवा त्याहून जास्त फट दिसली तर गादी बसली आहे. अशा गादीवर टॉपर टाकू नका. वरचा मऊ थरही त्याच खड्ड्यात जातो आणि पैसे वाया जातात.

तिसरी, दोन-तीन गोधड्या घडी घालून गादीवर टाका आणि चार-पाच रात्री झोपून बघा. सकाळचं दुखणं कमी झालं तर टॉपरचा फायदा होईल. काहीच फरक पडला नाही तर कारण गादीत नसेल. पाय बधिर होत असेल, कळ पायात उतरत असेल किंवा दुखणं काही आठवडे हटत नसेल, तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा.

कोणता टॉपर कुणाला?

मेमरी फोम : अंगाच्या उबेने मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. खांदेदुखीला चांगला. पण उष्णता धरून ठेवतो. दक्षिण गुजरातच्या दमट उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत दिवसा झोपणाऱ्या रात्रपाळीवाल्याला तो नकोसा होईल.

लॅटेक्स : रबराच्या चिकापासून बनतो. आरपार भोकं असतात, त्यामुळे हवा खेळते. दबला की लगेच वर येतो. टिकाऊ, पण महाग आणि जड. रबराची ॲलर्जी असलेल्यांनी टाळावा.

साधा पीयू फोम : सर्वांत जास्त विकला जातो. चांगला घेतला तर काही वर्षं टिकतो, हलका घेतला तर लवकर चपटा होतो.

मायक्रोफायबर : आत पॉलिस्टरचे तंतू. हाताला मऊ लागतो, पण अंगाखाली दबतो. फार कडक गादीला पुरत नाही.

कापसाची पातळ गादी : पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून नवी भरून घेता येते. उन्हाळ्यात थंड आणि पुन्हा पिंजता येते. घरी जुना कापूस असेल तर हिशोबात हीच बसते. मात्र वरचेवर ऊन दाखवावं लागतं.

जाडी बहुतेकांना दोन इंच पुरते. वजनदार माणूस कुशीवर झोपत असेल तर तीन. म्हाताऱ्या माणसांना फार जाड आणि मऊ टॉपर नको, त्यातून उठताना त्रास होतो. एक वर्षाच्या आतलं बाळ मऊ टॉपरवर झोपवू नये. नाक-तोंड दबून गुदमरण्याचा धोका असतो.

भाव इंचावर नको, किलोवर काढा

दुकानात ‘40 डेन्सिटी’ म्हणून सांगतात. याचा अर्थ एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. डेन्सिटीवरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, तो किती मऊ आहे हे कळत नाही. मऊपणा झोपूनच बघावा लागतो.

सांगितलेली डेन्सिटी खरी आहे का, हे वजनकाट्यावर कळतं. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणा. त्याला डेन्सिटीने गुणा आणि 61,000 ने भागा. वजन किलोत येईल. 72 बाय 36 चा दोन इंची टॉपर 40 डेन्सिटीचा असेल तर सुमारे 3.4 किलो भरला पाहिजे, 28 चा असेल तर 2.4 किलो. डबल बेडच्या 72 बाय 72 ला दुप्पट धरा. वजन कव्हर काढून करा. 40 सांगून अडीच किलोच भरला, तर भाव 28 चाच द्यायचा.

पलंग मोजून जा, कारण 72 आणि 75 इंचांच्या गोंधळात टॉपर आखूड पडतो. सरकू नये म्हणून कोपऱ्यांना इलॅस्टिकचे पट्टे असलेला घ्या. इकडच्या दुकानात गादीला ‘गादलुं’ म्हणतात, पण बिल पक्कंच मागा. गॅरंटीच्या वेळी तेच लागतं.

घरी आणल्यावर

फोम आणि लॅटेक्स कडक उन्हात टाकू नका, ते पिवळे पडून भुगा होतात. सावलीत वारा लागू द्या. पावसाळ्यात जमिनीवर अंथरत असाल तर रोज उचलून उभा करा, नाहीतर खालून ओल धरते.

आणखी एक सोय आहे. दोन इंची टॉपर गुंडाळून दोरीने बांधला की पॅसेंजरमधून गावी नेता येतो. गावाकडे आई-वडील कडक गादीवर झोपत असतील तर नवी गादी पाठवण्याआधी फोनवरून त्यांना काठीची आणि गोधडीची परीक्षा करायला सांगा.