गवतातल्या कबरींचे वाचन

अलिबागजवळ समुद्रकाठी नवगाव आहे. पूर्वी केव्हातरी तेथे गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना किनाऱ्यावरच पुरले, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा. हेच आपले मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यापैकी पुष्कळजण इस्राएलला गेले. कबरी इथेच राहिल्या, आणि कित्येकींवर रान माजले. नातवंडे पणजोबांची कबर शोधीत येतात, तेव्हा वाट विचारतात गावातल्या म्हाताऱ्यांना, नाहीतर शाळेच्या गुरुजींना.

मग शोध घ्यावा कसा? पहिला धागा आडनावाचा. पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे. पण कुटुंब पोटापाण्यासाठी मुंबईला गेले असले, तर आडनाव पेणचे आणि कबर मुंबईत, असेही होते.

दुसरा धागा नावाचा. अब्राहमचा आबाजी होई, सॅम्युएलचा सामाजी. मुंबईतले पहिले यहुदी प्रार्थनामंदिर १७९६ साली उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर! तेव्हा दोन्ही नावे शोधावीत.

तिसरा धागा सालाचा. मराठी लेखात शक असला तर त्यात ७८ मिळवावेत. यहुदी साल हिब्रू अक्षरांनी लिहितात, आणि पुष्कळदा त्यातले पाच हजार गाळतात. म्हणजे ६८५ हे खरे ५६८५. त्यातून ३७६० वजा केले की १९२५ येते. मात्र यहुदी वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास सुरू होते, म्हणून एका वर्षाचा फरक पडू शकतो.

अक्षरे पुसट असली तर दगड खरवडू नका. तारेचा ब्रश नको, तेजाब नको, खडूही नको. त्याने उरलेले अक्षरही जाते. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा, किंवा आरशाने उजेड बाजूने टाका. खोलगट अक्षरांत सावली पडते आणि नाव वाचता येते. गवत वाळल्यावर, दफनभूमी सांभाळणाऱ्यांना विचारून, पायांत बूट घालून जावे. पडलेला दगड हलवू नये. तो कोठे आहे यालाही अर्थ असतो.

हिब्रू लेखात बहुधा मयताबरोबर बापाचेही नाव असते. एक दगड वाचला की दोन पिढ्या हाती लागतात; तोच फुटून कोणाच्या कुंपणात गेला, तर दोन्ही गेल्या. म्हणून गुरुजींनी मुलांकडून ही नावे, साले आणि जागा एका वहीत उतरवून ठेवावीत. दूर देशाहून येणाऱ्याला आपल्या माणसाचा पत्ता त्याच वहीत सापडेल.