पडवीतली काजूची रोपे

मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. आपल्या मुलांना ती ठाऊक असते. पण स्वतःच्या हाताने बी रुजवून झाड केलेली मुले किती? कोकणात घरातली कर्ती माणसे मुंबईला किंवा आखातात असतात, घरामागची वरकस जमीन ओस पडते आणि मुलांना काजू फक्त पाकिटातला माहीत होतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक घराने पडवीत पाच-दहा काजूची रोपे करावीत, असे आम्ही सुचवतो.

काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून सोळाव्या शतकात आणला. आपल्या जांभ्या मातीच्या उतारावर तो चांगला रुजला. बी थेट जमिनीत टाकली तरी उगवते. पण उंदीर आणि खारी ती उकरून खातात. अंकुर फुटला की बियांच्या जाड डाळिंब्या जमिनीच्या वर येतात, त्यांवर कोंबड्या टोच मारतात. म्हणून पहिले दोन महिने रोप घरात सांभाळायचे.

बी त्याच हंगामातली, भरलेली आणि वजनदार घ्यावी. दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी, मग पाण्यात टाकावी. तरंगेल ती बाजूला काढावी, बुडेल ती एक-दोन दिवस भिजू द्यावी. बी दाताने फोडू नका, हे मुलांना आधीच बजावावे. टरफलातल्या तेलाने ओठ आणि कातडी भाजते.

साधारण 25 सेंटिमीटर उंच आणि 15 सेंटिमीटर रुंद प्लास्टिकची पिशवी घ्यावी व तिला खाली भोके पाडावीत. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत सारखे मिसळून भरावे. बोंडूला चिकटलेली बाजू वर ठेवून बी दोन-अडीच सेंटिमीटर खोल लावावी. माती ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे; चिखल झाला तर बी कुजते. पंधरा ते वीस दिवसांत अंकुर दिसतो.

पिशव्या उजेड येईल अशा जागी ठेवाव्यात. उजेड एकाच बाजूने येत असेल तर रोप तिकडे झुकते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पिशवी फिरवावी. मायेपोटी रोप जास्त दिवस घरात ठेवणे मात्र त्याच्या मुळावर येते. काजूचे सोटमूळ लवकर वाढते आणि पिशवीच्या तळाशी गुंडाळले जाते. असे झाड पुढे वाऱ्यात नीट उभे राहत नाही. सावलीतले कोवळे रोप एकदम उन्हात नेले तर पाने करपतात. त्यासाठी आधी आठ-दहा दिवस सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि वेळ रोज थोडा वाढवावा.

पाऊस स्थिरावला की जून-जुलैमध्ये लागवड करावी. पाणी साचत नाही अशी जागा निवडून सात-आठ मीटर अंतरावर 60 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे आधीच तयार ठेवावेत. पिशवी कापून काढताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. रोपाला काठीचा आधार द्यावा. पाऊस संपल्यावर बुंध्याभोवती सुके गवत पसरावे आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे. लावलेली बरीच रोपे मरतात ती याच काळात.

बियांपासून झालेले झाड आईसारखेच उत्पन्न देईल असे नाही. विक्रीसाठी बाग करायची असेल, तर वेंगुर्ला येथील फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जातींची कलमे घ्यावीत. आपल्या पिशवीतल्या कोवळ्या रोपावरही जाणकाराकडून मृदुकाष्ठ कलम बांधून घेता येते.

कलम असो वा रोप, प्रत्येक झाड घरातल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या नावे करावे. पाणी त्यानेच घालावे, लावल्याची तारीखही त्यानेच वहीत लिहावी. तीन-चार वर्षांनी पहिला बोंडू लागेल, इन्शाअल्लाह. त्यातला काही पाखरांनी खाल्ला तर त्याचाही सवाब आहे, हे त्याला तेव्हा वेगळे सांगावे लागणार नाही.