डेटाबेसमधून फाईल काढली, पण कॉलमची नावं गेली कुठं?

एखाद्या पतसंस्थेत दुपारी फोन येतो, थकबाकीदारांची यादी ताबडतोब पाठवा. कॉम्प्युटर सांभाळणारा पोरगा डेटाबेसवर क्वेरी मारतो, स्क्रीनवर झकास तक्ता दिसतो. तो फाईलमध्ये उतरवतो आणि मेल करून मोकळा होतो. पलीकडचा माणूस फाईल उघडतो तर पहिल्या ओळीपासून थेट आकडेच. रकमेचे कॉलम दोन. मूळ कर्ज कुठलं आणि थकलेले पैसे कुठले, हे कळायला काहीच मार्ग नाही. अंदाजाने नोटीस काढली, तर 5,000 थकलेल्या माणसाच्या दारात 50,000 चा कागद पडतो.

मग स्क्रीनवर दिसलेली नावं गेली कुठं?

मुळात डेटाबेसच्या लेखी कॉलमचं नाव हा डेटा नसतोच. एक्सेलमध्ये शीर्षक म्हणजे आपणच टाईप केलेली एक साधी ओळ. डेटाबेसमध्ये मात्र नावं टेबलच्या रचनेसोबत वेगळी ठेवलेली असतात आणि ओळी वेगळ्या. स्क्रीनवर दाखवताना प्रोग्राम दोन्ही जोडून दाखवतो. फाईल लिहिताना नावं घ्यायची का नाही, ते प्रत्येकाने आपापलं ठरवलंय.

त्यात सगळ्यात जास्त छळतं ते मायएसक्यूएल. त्याची 'सिलेक्ट इंटू आऊटफाईल' ही कमांड नावं लिहीतच नाही, तशी सोयच दिलेली नाही. वर फाईल तयार होते ती सर्व्हरवर, आपल्या कॉम्प्युटरवर नाही. त्याच नावाची फाईल आधीपासून असेल तर कमांड चालायलाच नकार देते. (हे मात्र बरंच आहे, जुनी यादी चुकून पुसली जात नाही.)

यावर लोकांनी जुगाड काढला. आधी एका सिलेक्टमध्ये नावं अवतरणचिन्हांत लिहायची, मग 'युनियन ऑल' लावून खरी क्वेरी जोडायची. नावांची ओळ वर येते, काम भागतं. पण यादी क्रमाने हवी म्हणून शेवटी 'ऑर्डर बाय' लावलं की गंमत होते. डेटाबेसला ती शीर्षकाची ओळ इतरांसारखीच वाटते, त्यामुळं ती यादीत मधेच कुठंतरी किंवा तळाला जाऊन बसते. शिवाय रकमेच्या कॉलममध्ये आता एक शब्द घुसलाय, म्हणून अख्खा कॉलम मजकूर समजला जातो. मग 10000 हे 9000 च्या आधी येतं, कारण 1 हा 9 च्या आधी!

त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे कमांड लाईनवरचा 'मायएसक्यूएल' प्रोग्राम बॅच मोडमध्ये चालवायचा आणि आऊटपुट फाईलकडे वळवायचं. नावं आपोआप येतात, फाईल आपल्याच मशीनवर बनते. फक्त कॉलमच्या मधे स्वल्पविराम नाही तर टॅब असतो, एक्सेलला तो चालतो.

बाकीच्यांकडे एवढा ताप नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'कॉपी' कमांडला सीएसव्ही फॉरमॅट सांगून 'हेडर' हा शब्द जोडला की झालं. एसक्यूलाईटमध्ये क्वेरीच्या आधी 'डॉट हेडर्स ऑन' आणि 'डॉट मोड सीएसव्ही' लिहायचं.

आता कुणी म्हणेल, फाईल उघडणाऱ्या प्रोग्रामला कळत नाही का, पहिली ओळ नावांची आहे का माणसांची? नाही कळत. सीएसव्हीचे नियम 2005 साली आरएफसी 4180 मध्ये लिहिले गेले, त्यात शीर्षकाची ओळ ऐच्छिक आहे. आणि ती दिसते इतर ओळींसारखीच.

मराठी शीर्षकं असतील तर आणखी एक लफडं. डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलं की 'नाव', 'गाव' च्या जागी बऱ्याचदा भलतीच चिन्हं दिसतात. फाईल बिघडलेली नसते, एक्सेलने युटीएफ-8 ओळखलेलं नसतं. एक्सेलच्या डेटा टॅबमधून ती इम्पोर्ट करून युटीएफ-8 निवडलं की अक्षरं जागेवर येतात. तिथंच खाते क्रमांकाचा कॉलम 'टेक्स्ट' करून घ्यावा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात.

आणि सगळं नीट करूनही एक्सेलने 'ही सिल्क फाईल आहे' असं काहीतरी बरळलं, तर पहिल्या कॉलमचं नाव बघायचं. सिल्क हा मायक्रोसॉफ्टचा जुना फॉरमॅट, त्याची फाईल इंग्रजी कॅपिटल 'आयडी' या दोन अक्षरांनी सुरू होते. निम्म्या जगाच्या टेबलात पहिला कॉलम हाच! तीच अक्षरं स्मॉलमध्ये लिहिली की फाईल गुमान उघडते.