हुंकारावर ठरणारे नियम

इंटरनेटवर माहितीची ने-आण कशी व्हावी, याचे बरेचसे नियम कुठलंही सरकार नव्हे, तर १९८६ पासून आयईटीएफ ही अभियंत्यांची खुली संघटना ठरवते. इथे सभासदत्व नाही, मतदान तर नाहीच. बैठकीत प्रश्न टाकला, की ज्यांना पटलं त्यांनी तोंड मिटून ‘हंऽऽ’ करायचं. मग न पटलेल्यांनी. अध्यक्ष आवाजाचा अंदाज घेतात. गंमत वाटते, पण हा निकाल नव्हे, नुसता कानोसा. एकाच्याच आक्षेपात तांत्रिक दम असेल, तर चर्चा पुन्हा सुरू. उलट, संघटनेचा २०१४ चा एक दस्तऐवज सांगतो: आक्षेपांचं समाधानकारक उत्तर मिळालं असेल, तर पाच बाजूने आणि शंभर विरोधात असतानाही सहमती मानता येते! वेळखाऊ आहे खरं, पण डोकी मोजण्यापेक्षा बरं. चर्चेत उतरायला ईमेल पत्ता पुरतो. आपल्याकडच्या अभियंत्यांनी जरूर उतरावं.