कारवाँ, कार्डवाला स्पीकर की कीपॅड मोबाइल? गाणी ऐकायला काय घ्यावं?

साताऱ्यातील पाटण, जावळी किंवा सांगलीतील शिराळ्याच्या डोंगराळ भागात रेंज गेली, की ऑनलाइन गाणीही थांबतात. रात्री उसाला पाणी पाजणारा शेतकरी असो वा घरी एकटे असणारे आजी-आजोबा, इंटरनेटशिवाय वाजणारं यंत्रच अशा वेळी कामी येतं. मग निवड कशी करायची?

कारवाँ : सारेगामाने २०१७ मध्ये आणलेल्या मूळ कारवाँमध्ये ५,००० हिंदी गाणी आधीच भरलेली असतात. मराठी गाण्यांचा कारवाँही मिळतो. बटण फिरवलं की गाणं सुरू, त्यामुळे ज्येष्ठांना सोपं. आवडीचं कीर्तन ऐकायचं असेल तर पेन ड्राइव्ह जोडावा लागतो.

कार्डवाला स्पीकर : हवं ते भरता येतं. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते. म्हणजे दोन तासांचं कीर्तन सुमारे १२० एमबीत बसतं आणि ३२ जीबीच्या कार्डात पाच मिनिटांची सुमारे ६,००० गाणी मावतात. मात्र बहुतेक स्पीकरना स्क्रीन नसते. हवं ते गाणं शोधताना बटण दाबत बसावं लागतं.

कीपॅड मोबाइल : कार्ड, एफएम आणि टॉर्च एकातच. आवाज लहान, पण रानात सर्वांत सोयीचा.

हे विसरू नका : घेण्याआधी आपलंच कार्ड दुकानात लावून पाहा. कराड, शिराळ्याच्या उसात बिबट्याचा वावर असतो. त्यामुळे रात्री रानात इअरफोन नकोच. कान मोकळे हवेत.