कोमा! म्हणजे जेवा!

पाहुण्याला ‘कोमा’ म्हणणं हा शाप नाही, आग्रह आहे! स्पॅनिशमधल्या अहो-जाहोचा हा फंडा एकदा कळला, की टेन्शन खल्लास.

सूसमधल्या आमच्या फ्लॅटवर परवा एक खास पाहुणे जेवायला आले. माझी रूममेट हिंजवडीत आयटीमध्ये आहे. हे तिचे क्लायंट. बोगोटाचे, साठीचे, एकदम अदबशीर. चार महिने स्पॅनिश शिकत असल्यामुळे स्वागताची जबाबदारी माझ्यावर. दार उघडून मी ऐटीत म्हटलं, ‘पासा!’ पोळी वाढताना म्हटलं, ‘कोमे!’ ते हसले, पण जरा अवघडलेच. रूममेटचा चेहरा पडला. तेवढ्यात आई मराठीतच म्हणाली, ‘अहो, घ्या ना अजून एक!’ आणि गृहस्थ खुलले.

स्वयंपाकघरात आईनं हळूच विचारलं, ‘तू त्यांना अरे-तुरे तर करत नाहीयेस ना?’

वही उघडली. करत होते की!

स्पॅनिश क्रियापदं आर, एर किंवा ईरनं संपतात. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, एस्क्रीबीर म्हणजे लिहिणं. मित्राला काही करायला सांगायचं, तर ‘तो बोलतो’चंच रूप उचलायचं: आब्ला, कोमे, एस्क्रीबे. मोठ्यांना सांगताना शेवटच्या स्वराची अदलाबदल. आरवाल्यांना ‘ए’, बाकीच्यांना ‘आ’: आब्ले, कोमा, एस्क्रीबा. समोर अनेक जण असतील, तर याच रूपाला ‘न’ जोडा: आब्लेन, कोमान, एस्क्रीबान.

मराठी माणूस फसतो तो इथेच. आपल्या कानाला शेवटचा ‘आ’ म्हणजे आदर. बोल-बोला, बस-बसा. त्यामुळे ‘पासा’ मला भलतंच सभ्य वाटलं होतं. पण पासार हे आरवालं क्रियापद! ‘पासा’ म्हणजे ‘ये आत’ आणि ‘पासे’ म्हणजे ‘या आत’.

प्रवासाला निघताय?

• स्पेनमध्ये लोक पटकन ‘तू’वर येतात. तिथे मित्रांच्या घोळक्यासाठी वेगळं रूप आहे: आब्लाद, कोमेद, एस्क्रीबीद. लॅटिन अमेरिकेत बोलताना ते विसरलात तरी चालेल.

• अर्जेंटिनात मित्राला सांगताना जोर शेवटच्या स्वरावर: आब्लाऽ, कोमेऽ, एस्क्रीबीऽ.

• बोगोटात तर घरच्यांनाही ‘उस्तेद’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणणारे पुष्कळ. शंका आली, तर अहो-जाहोच बरं.

निघताना मी धीर करून म्हटलं, ‘रेग्रेसे प्रोंतो!’ लवकर परत या. ते मनापासून हसले. मी काय करते, हे रूममेटनं त्यांना सांगितलं होतंच. जिन्यावरून वळून म्हणाले, ‘एस्क्रीबा!’

लिहा! मग काय, लिहिलं.