पुड्या जप्त झाल्या, घेणाऱ्यांचं काय?

‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉईड सापडलं, साठा जप्त झाला, ही बातमी अधूनमधून येतेच. बातमी तिथे संपते. मला काळजी वाटते ती त्या पुडीच्या जोरावर वर्षभर जिने चढलेल्या आजींची. उद्यापासून पुडी मिळणार नाही.

मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीच्या बाह्य भागाला तीन थर असतात. मधला थर कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनवतो, आतला डीएचईए हे संप्रेरक. दोघांनाही हुकूम येतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीकडून; त्या हुकमाचं नाव एसीटीएच. बाहेरचं स्टेरॉईड रक्तात खेळू लागलं की हा हुकूम थांबतो आणि बिनकामाचे दोन्ही थर आकसत जातात. पुढे कॉर्टिसॉल सावरलं तरी डीएचईए बरेचदा मागे रेंगाळतं.

सगळ्यात बाहेरचा थर मात्र तगून राहतो, कारण त्यातलं अल्डोस्टेरॉन मुख्यतः मूत्रपिंडातल्या रेनिनच्या इशाऱ्यावर चालतं. आणि इथेच निदान चुकतं. थॉमस अॅडिसन यांनी १८५५ साली वर्णन केलेल्या अॅड्रिनलच्या आजारात कातडी काळवंडते, पोटॅशियम वाढतं. इथे एसीटीएचच कमी, म्हणून रंग बदलत नाही. अल्डोस्टेरॉन शाबूत, म्हणून पोटॅशियम बहुधा नॉर्मल. मग दिसतं काय? थकवा, मळमळ, अन्नावरची वासना उडालेली, उठताना घेरी. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’

हे वैद्यकाला नवं नाही. कॉर्टिसोन हे स्टेरॉईड संधिवातावर पहिल्यांदा वापरलं गेलं १९४८ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. आणि १९५२ मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकात नोंद आली: संधिवातासाठी कॉर्टिसोन घेणारा तरुण, शस्त्रक्रियेआधी औषध थांबवलेलं, शस्त्रक्रियेनंतर काही तासांत मृत्यू. अॅड्रिनल ग्रंथी आकसलेल्या होत्या. इतकी वर्षं झाली, तरी जप्तीच्या बातमीत याबद्दल एक ओळ नसते, याचा मला संताप येतो.

ती ओळ अशी हवी: पुडी घेत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, उरलेली पुडी घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. ते सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल तपासतील, गरज असेल तर मोजून स्टेरॉईड देतील आणि हळूहळू उतरवतील. दरम्यान ताप, उलट्या किंवा ऑपरेशनची वेळ आली, तर दवाखान्यात पाऊल टाकताच आधी पुडीचं सांगा.